तीन मिनिटांची वाळू

वाळू निम्मीही खाली आली नव्हती, तोच व्हर्नाबाईंनी हात लांब करून घड्याळ आडवं पाडलं.

“झाली तीन मिनिटं.”

“एकसुद्धा झालं नाही,” डॉक्टर टिलरी म्हणाले. “वेळ नाही संपली, तुमचा धीर संपला.”

“ज्याचा शेवट माहीत आहे, ते पुरतं कशाला ऐकायचं?”

“तेच तर. तुमच्या चर्चमध्ये शिरताना लोक टोपीबरोबर मेंदूही खुंटीला अडकवून ठेवतात.”

“आणि तुमच्याकडे नुसताच मेंदू. काळजाच्या जागी भोक.”

भोवती जमलेली आठ-दहा माणसं हसली. त्यांना दोन्ही टोले सारखेच आवडले. अमेरिकेत आर्कन्सास राज्यातल्या त्या जिल्ह्याच्या जत्रेत, लोणची-मुरंब्यांच्या स्पर्धेच्या मंडपात, बाप्टिस्ट चर्चचं टेबल आणि नास्तिक मंडळाचं टेबल गेली सहा वर्षं शेजारीशेजारी लागत होतं. पहिल्या वर्षी ते चुकून तसं लागलं होतं. पुढे गर्दी जमते हे पाहून जत्रेवाले मुद्दाम लावू लागले. व्हर्नाबाईंच्या टेबलावर बायबलं आणि फुकट लिंबू सरबत, तर डॉक्टरांच्या टेबलावर ‘काहीही विचारा’ अशी पाटी आणि हे वाळूचं घड्याळ. वाळू पडेपर्यंत एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं, हा नियम डॉक्टरांनीच केला होता. सहा वर्षांत वाळू एकदाही पुरती पडली नव्हती, कारण बाईंचं वाक्य पुरं होऊ देणं डॉक्टरांनाही कधी जमलं नव्हतं. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं, अशी गत होती.

लोक पांगले. डॉक्टरांनी घड्याळ पुन्हा उभं करून ठेवलं. व्हर्नाबाईंनी पर्समधून फोन काढला, पाहिला आणि परत ठेवला. त्यांच्या मुलाचा, एझ्राचा, निरोप येऊन नऊ दिवस झाले होते. ‘आई, नोव्हेंबरात घरी येऊ का? पण वाद होणार असेल तर आत्ताच सांग, म्हणजे नाही येत.’

तीन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरातल्याच थँक्सगिव्हिंग सणाच्या जेवणाला त्याने प्रार्थनेसाठी हात पुढे केला नव्हता. आपला आता विश्वास राहिला नाही, असं त्याने सरळ सांगितलं. “तुला देव नकोय, कारण तुला मोकाट सुटायचंय,” व्हर्नाबाई टर्की कापता कापता म्हणाल्या होत्या. त्यानेही काही कमी ऐकवलं नाही. तुला विचार करायची भीती वाटते आई, असं म्हणून भरलं ताट तसंच टाकून तो डेन्व्हरला निघून गेला. त्यानंतर फोन झाले, पण प्रत्येक फोन फिरून फिरून तिथेच यायचा. या नऊ दिवसांत बाईंनी चार उत्तरं लिहिली होती. प्रत्येकाच्या शेवटी बायबलातलं एखादं वचन आपसूक उतरायचं, आणि ते वाचून तो येणार नाही हे कळून त्या सगळंच पुसून टाकायच्या. वाद होणार नाही असं लिहावं, तर ते खोटं झालं असतं. आणि मुलगा तर घरी हवा होता, फार हवा होता.

तेवढ्यात कर्ण्यावरून हाक आली. डॉक्टर टिलरींनी असतील तिथून गोठ्यात यावं, एक पहिलारू गाय अडली आहे. गुरांचा दवाखाना बंद करून डॉक्टरांना चार वर्षं झाली होती, पण गाईंना हे कोण सांगणार? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांचा जोडीदार जेवायला म्हणून गेला होता, तो अजून उगवला नव्हता.

“व्हर्नाबाई, माझं टेबल बघाल जरा?”

“मी? तुमचं?”

“पळवून नेण्यासारखं काही नाही त्यात. फक्त माझ्या पत्रकांत तुमची पत्रकं घुसडू नका.”

“चोराच्या मनात चांदणं.”

डॉक्टरांचे कान लाल झाले. काहीतरी पुटपुटत, बाह्या सरसावत ते गोठ्याकडे निघाले.

व्हर्नाबाई त्यांच्या खुर्चीत जाऊन बसल्या. तिथून त्यांना स्वतःचं टेबल समोरून दिसलं. ‘मेल्यावर तुम्ही कुठे जाणार? खात्री आहे?’ अशी लाल अक्षरं त्यांनी स्वतः रंगवली होती. रंगवताना त्यात माया होती. इथून मात्र ती धमकीच्या चिठ्ठीसारखी वाटत होती. मग त्यांनी मान वळवून खुर्चीमागे टांगलेली डॉक्टरांची दुसरी पाटी वाचली. ‘विचार करणाऱ्यांचं स्वागत.’ म्हणजे बाकीचे काय गवत खातात की काय, असं त्या मनाशी म्हणाल्या.

“तिकडच्या बाई गेल्या का?”

समोर एकोणीस-वीस वर्षांची मुलगी उभी होती. पांढऱ्या शर्टावर शेळ्यांच्या स्पर्धेतली निळी फीत टाचलेली होती. ती हलक्या आवाजात बोलत होती.

“तिकडे आत्ता कोणी नाही,” व्हर्नाबाई म्हणाल्या. तेवढं खरंच होतं.

“मला एकच विचारायचंय. तुम्ही घरी कसं सांगितलंत? म्हणजे तुमच्या आईला? की आता विश्वास उरला नाही म्हणून?”

मी इथली नाही, असं म्हणायला बाईंनी तोंड उघडलं. पण मुलीने टेबलावर लिहून ठेवलेला नियम वाचला होता. तिने घड्याळ उलटं केलं आणि बोलू लागली.

“मी खूप प्रयत्न केला हो. दोन वर्षं गुडघे टेकून मागत होते, जाऊ नकोस म्हणून. तरी विश्वास गेलाच. आईला वाटेल, कॉलेजात कोणीतरी बिघडवली हिला. नाहीतर एखाद्या मुलाच्या नादी लागली. तसलं काही नाहीये. आणि सगळ्यात वाईट काय सांगू? रविवारी चर्चमध्ये मी आणि आई एकाच पुस्तकातून गातो. ती खालचा सूर धरते, मी वरचा. ते मला अजून हवंय. पण आईला सांगितलं तर ती म्हणेल, मग विश्वास ठेवायला काय होतं तुला? आणि तुम्हा लोकांना सांगितलं तर तुम्ही म्हणणार, अजून सुटली नाही पोरगी.”

मध्ये दोनदा बाईंचा हात घड्याळाकडे गेला होता. दोन्ही वेळा त्यांनी तो मांडीवर परत आणून ठेवला. मुलगी गप्प झाली तरी वरच्या भांड्यात चिमूटभर वाळू उरली होती, आणि बाईंनी तीही पडू दिली.

“पोरी, तुला फसवायचं नाही मला,” त्या म्हणाल्या. “तिकडची बाई मीच.”

मुलगी दोन पावलं मागे सरली.

“थांब, पळू नकोस. तू कोणाची कोण ते मी विचारणार नाही, आणि हे कोणापाशी बोलणारही नाही. आईला असं सांगायची वेळ माझ्यावर आली नाही. पण मला एकाने सांगितलंय. माझ्या मुलाने.”

मुलगी जागेवरच उभी राहिली. “मग तुम्ही काय म्हणालात?”

“जे म्हणू नये ते. म्हटलं, तुला मोकाट सुटायचंय.”

“खरंच तसं होतं?”

व्हर्नाबाईंनी टेबलावरची पत्रकं उगाच सरळ केली.

“माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “मी विचारलंच नाही त्याला.”

मंडपाच्या दुसऱ्या टोकाला मुरंब्याचे निकाल पुकारले जात होते. मुलगी शर्टावरच्या फितीशी चाळा करत होती.

“आईला ते गाण्याचं आधी सांग,” व्हर्नाबाई म्हणाल्या. “आणि ती पहिल्या झटक्यात काही वेडंवाकडं बोलली, तर ते शेवटचं धरू नकोस. घाबरलेलं माणूस वाटेल ते बोलतं. सरबत घेतेस?”

“त्यासाठी वचन ऐकावं लागतं का?”

“नाही. साखर जास्त झालीय, तेवढं मात्र सोसावं लागेल.”

मुलगी हसली आणि दोन पेले प्यायली.

डॉक्टर परतले तेव्हा त्यांच्या बाहीला पेंढा चिकटला होता.

“कालवड झाली. दोघी सुखरूप.” त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पत्रकांकडे पाहिलं. “कोणी आलं होतं?”

“एक मुलगी.”

“मग? काय सांगितलंत तिला?”

“तुमचं मला ठाऊक नाही, म्हणून माझंच सांगितलं. त्याआधी ऐकून घेतलं. पुरती तीन मिनिटं.”

“शक्यच नाही.”

“पुरावा नाही माझ्याकडे. विश्वास ठेवा.”

डॉक्टर हसले नाहीत. पेंढ्याची काडी उपटून ते जरा वेळ बोटांत फिरवत राहिले.

“दोन वर्षांपूर्वी तुमच्या बायबलांत आमची पत्रकं निघाली होती. ती मीच घातली होती. हलकटपणा होता तो. सहा होती.”

“सात,” व्हर्नाबाई म्हणाल्या. “एक मी वाचलं सगळं. हे घड्याळ जरा नेऊ का?”

मंडपामागे गवताचे भारे रचले होते. एका भाऱ्यावर बसून बाईंनी फळीचा एक तुकडा शेजारी आडवा ठेवला, त्यावर घड्याळ ठेवलं आणि फोन लावला.

“आई? बरी आहेस ना?”

“बरी आहे. नोव्हेंबरचं सांगायला फोन केला. ये. वाद होणारच नाही असं मी म्हणत नाही, मी मला ओळखते. पण एझ्रा, तुझा विश्वास कसा गेला, हे मी तुला कधी विचारलंच नाही रे. सांगतोस? मी मध्ये बोलणार नाही.”

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

“हा कुठला नवा डाव?”

“डाव नाही. माझ्यापुढे वाळूचं घड्याळ आहे. तीन मिनिटं तुझी.”

त्यांनी घड्याळ उलटं केलं. एझ्रा आधी अडखळत, शब्द चाचपत बोलला, मग बोलतच गेला. तो जे सांगत होता त्यातलं काहीच बाईंच्या अंदाजाप्रमाणे नव्हतं. एकदा एक वचन अगदी ओठांवर आलं. त्यांनी रुमाल तोंडात धरला आणि डोळ्यांतलं पाणी वाहू दिलं.

मध्येच तो थांबला.

“आई, झाली असतील ना तीन मिनिटं?”

व्हर्नाबाईंनी पाहिलं. वरचं भांडं केव्हाच रिकामं झालं होतं.

“नाही,” त्या म्हणाल्या, आणि आवाज होऊ न देता त्यांनी घड्याळ उलटं केलं. “अजून खूप आहे वाळू.”