पट्टीवरचा नंबर

तामोत्सु कोगुचीचा घडीचा कॅमेरा बिघडला त्याला एकतीस वर्षं झाली, आणि तो कुणी बिघडवला याबद्दल तामोत्सुच्या मनात कधीच शंका नव्हती. किहेईने. शाळेपासूनचा जिवलग मित्र, सुवा तळ्याच्या पलीकडच्या काठाला राहणारा.

फोटो क्लबच्या हिवाळी सहलीत कॅमेरा घटकाभर किहेईकडे होता. नंतर प्रदर्शनासाठी काढलेले सगळे फोटो पुसट निघाले, तेव्हा तामोत्सुचा तीळपापड झाला. भर बैठकीत तो म्हणाला, "यानेच पाडला माझा कॅमेरा, आणि कबूल करायची हिंमत नाही!" किहेईने आपल्या तशाच कॅमेऱ्याने काढलेले फोटोही फसले होते, पण ते तामोत्सुच्या मते त्याच्या कर्माचं फळ होतं. "मी पाडला नाही," एवढंच बोलून किहेई उठून गेला. तेव्हापासून अबोला.

निवृत्त झाल्यावर माणसाला जुन्या वस्तू आठवतात. तामोत्सु कॅमेरा घेऊन दुरुस्तीवाल्या नोबुएबाईंकडे गेला. बाईंनी तो उघडला, भिंगामागचा घडीचा भाता ताणून दिव्यासमोर धरला, डोळ्याला भिंग लावून आतबाहेर पाहिलं.

"कोगुची-सान, हा पडलाबिडला नाहीये हो. सगळं जागच्या जागी आहे. पट्टी तेवढी दुसऱ्या कॅमेऱ्याची आहे."

"दुसऱ्या?"

"फिल्म भरताना ही मागची पट्टी ओढून काढता ना? फिल्म सपाट धरते ती हीच. कारखान्यात प्रत्येक कॅमेऱ्याला त्याची पट्टी घासून बसवलेली असते, म्हणून दोन्हींवर एकच नंबर. हे बघा, तुमचे नंबर जुळत नाहीत. दोन मित्र एका बाकावर बसून गप्पा मारत फिल्म भरतात आणि होते अदलाबदल. वर्षाकाठी अशी एखादी जोडी येतेच माझ्याकडे. फिल्म कुणी भरली होती?"

सहलीच्या त्या दिवशी किहेई शेकोटीवर मासे भाजत बसला होता. त्याच्या हातांना वास येतोय म्हणून दोन्ही कॅमेऱ्यांत फिल्म तामोत्सुनेच भरली होती, तीही मोठ्या तोऱ्यात. म्हणजे चोर तो चोर आणि वर शिरजोर! त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की बाईंचे आभार मानायचंही राहून गेलं.

रविवारी मिठाईचा डबा आणि कॅमेरा घेऊन तो किहेईच्या दारात उभा राहिला. याने दार लावून घेतलं तर?

"तामो?" किहेईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "म्हातारा झालास रे."

"तू काय, कोवळा राहिलास?"

आत जाताच तामोत्सुने चटईला कपाळ टेकवलं. "तू पाडला नव्हतास. पट्ट्या मीच बदलल्या, आणि खोटारडा तुला ठरवलं. चुकलो मी."

"ऊठ. चटई नवीन आहे, घामाने डागाळेल." किहेईने चहा ओतला, लोणच्याची बशी पुढे सरकवली आणि फळीवरून आपला कॅमेरा काढला. "पट्टीवरचा नंबर बघून मला वीस वर्षांपूर्वीच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"मी एकदा बोललो होतो. आता बोलायची पाळी तुझी होती. फार वेळ लावलास, गाढवा."

तामोत्सुचे डोळे भरून आले. ते लपवायला त्याने लोणचं तोंडात कोंबलं.

पट्ट्या आपापल्या घरी गेल्या. दोघं तळ्याच्या काठावर गेले आणि बारा-बारा फोटो काढून मोकळे झाले. बदकं, होड्या, एकमेकांची टकलं, काही सोडलं नाही. तामोत्सुला इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. परत येऊन संपलेले रोल काढले, तसा किहेईने हात पुढे केला.

"पट्टी."

"अरे, ही माझी आहे! नंबर बघ की."

"असू दे. तुझी इथे राहील, माझी तू घेऊन जा."

"वेडा आहेस का? दोघांचेही फोटो परत पुसट येतील!"

"येऊ देत. नीट फोटो हवा असला की इथे यायचं."

तामोत्सुने पट्टी त्याच्या हातावर ठेवली.

"पुढच्या रविवारी," तो म्हणाला, "सकाळीच आलो तर चालेल ना?"