भोक नसलेली पानं

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. माझ्या झाकणाला पोचा आला आहे आणि अंगाला हिंगाचा वास आहे. तो वास कितीही घासलं तरी जायचा नाही असं हर्षाताई म्हणतात, आणि त्यांनी मला घासण्यात काही कसर ठेवली नाही.

जन्मले तेव्हा मी निखाऱ्यासारखी लाल होते. भट्टीतून निघाले, थंड होत गेले, आणि आरपार दिसेल अशी झाले. नव्या नवरीच्या उत्साहाने हर्षाताई नागपुरात बर्डीवरच्या भांड्यांच्या दुकानात आल्या, मला टिचकी मारून पाहिली, आवाज आवडला आणि मी प्रताप नगरातल्या त्यांच्या घरी आले. तेव्हापासून माझ्या पोटात लिंबाचं लोणचं. उन्हाळ्यात मी गच्चीवर तोंडाला फडकं बांधून बसायची, संध्याकाळी खाली यायची. पाहुणे जेवायला बसले की हर्षाताईंच्या आधी माझी विचारपूस व्हायची. माझं काम एकच होतं, आत नको ते काही शिरू द्यायचं नाही. मुंगी नाही, धूळ नाही, आणि ओला चमचा तर नाहीच नाही. त्या घरात माणसाचा खून एक वेळ माफ झाला असता, पण लोणच्यात ओला चमचा माफ नव्हता.

मग घरात फटकन बंद होणाऱ्या झाकणांचे प्लास्टिकचे डबे आले, एकसारखे, रांगेत शोभणारे. माझी रवानगी माळ्यावर झाली. जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याला टेकून मी किती काळ बसले कोण जाणे. लोणचं नसलेल्या बरणीला वेळ मोजायचं काही कारण नसतं.

मला पुन्हा खाली आणलं ते गोपिकेने. ही हर्षाताईंची मुलगी, तिसरीतली, बडबडी आणि सगळ्या कामात पुढे. शाळेत विज्ञान सप्ताह जवळ आला होता आणि विषय होता प्राणी आणि वन्यजीव. आता नागपूरच्या पोरांना वन्यजीव म्हटलं की वाघाशिवाय दुसरं काही सुचत नाही. प्रत्येक वर्गाला वाघच हवा होता. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. वाघ चौथीला गेला आणि ती मुलं दिवसभर व्हरांड्यातून डरकाळ्या फोडत फिरली. तिसरीला आली अळी. अळी ते फुलपाखरू. वर्गाची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी झाली.

एकटा आयुष तेवढा खूश झाला. हा मुलगा वर्गात सहसा तोंड उघडत नसे. पण दुसऱ्या दिवशी तो घरच्या लिंबाच्या झाडावरची एक फांदी घेऊन आला, आणि तिच्यावर चार-पाच अळ्या होत्या. लहान होत्या तोवर त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसायच्या. मुली ईऽऽ करून मागे सरल्या. मग आयुषने काडीने एकीला हळूच डिवचलं, तर तिच्या डोक्यामागून दोन लाल शिंगं बाहेर आली! सगळा वर्ग बाकांवर चढला. त्या दिवसापासून वाघाचं नाव कोणी काढलं नाही.

अळ्यांना घर हवं होतं आणि गोपिकेने माझं नाव सुचवलं. मला धुतलं, उन्हात वाळवलं, तळाशी कागद घातला, एक काडी उभी केली आणि तोंडाला मलमलीचा तुकडा बांधला. मित्रांनो, तोवर माझ्यात फक्त मुरणाऱ्या गोष्टी राहिल्या होत्या. आता पहिल्यांदाच वाढणारं काहीतरी आलं. रात्री सगळं शांत झालं की पानं कुरतडल्याचा बारीक आवाज यायचा. मला तो आवाज फार आवडायचा.

अळ्या हिरव्यागार आणि गुबगुबीत झाल्या. सगळ्यांत जाड जी होती तिचं नाव आयुषने पहेलवान ठेवलं. एक आधीच खाणं सोडून काडीवर जाऊन बसली होती, तिला सगळे आळशी म्हणायचे. तिसरीच्या बाई म्हणजे चारुलता मॅडम आयुषला म्हणाल्या, "शुक्रवारी पालक येतील, तेव्हा माईकवर तूच बोलायचंस." आयुषचा चेहरा असा उजळला की मला माझ्या लोणच्याचे दिवस आठवले.

अडचण एकच होती. आयुषच्या झाडाची कोवळी पानं संपत आली होती. गोपिका लगेच म्हणाली, "आमच्या आबांचा कळमेश्वरले संत्र्याचा बगीचा हाये. रविवारी आम्ही चाललो तिकडं. थैलीभर पानं आणतो ना मी!" संत्र्याचं पान अळीला लिंबाच्या पानाइतकंच चालतं. त्या रविवारी मी आयुषकडे राहिले. आणि तिथेच आळशीने स्वतःभोवती एक बारीक धागा पट्ट्यासारखा बांधला, अंग आक्रसून घेतलं आणि तिचा कोष झाला. आयुषने शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवला.

सोमवारी सकाळी गोपिकेने वर्गात थैली उघडली. काय पानं होती ती! कोवळी, तुकतुकीत, एकाही पानाला भोक नाही. तिने ती निवडून निवडून तोडली होती. घरी मेथी-पालक निवडताना हर्षाताईंनी तिला शिकवलंच होतं की पोखरलेलं पान बाजूला काढायचं, चांगलं तेवढं घ्यायचं. पाहुण्याला वाढावं तशी तिने ती पानं माझ्यात रचली.

त्या दिवशी हवेत थोडा गारवा होता. आयुषला वाटलं, अळ्या गारठतील, म्हणून त्याने मला खिडकीत ठेवलं. ऊन चढायला लागलं तशी त्यानेच मला आत ओढलं. मला ऊन ठाऊक आहे, मित्रांनो. लोणच्यासोबत मी गच्चीवर कितीतरी उन्हाळे काढले आहेत. ते ऊन कोणाला मारणारं नव्हतं.

पण मधल्या सुट्टीपर्यंत अळ्यांचं खाणं थांबलं होतं. त्या माझ्या काचेवरून वेड्यावाकड्या वर चढायच्या आणि पडायच्या. पहेलवानाने तोंडातून हिरवं पाणी टाकलं. सुट्टी संपून मुलं परत आली तेव्हा सगळ्या तळाशी लोळागोळा होऊन पडल्या होत्या. फक्त काडीवरचा कोष जागच्या जागी होता.

"आयुषनं उन्हात ठेवलं होतं, मॅडम!" कोणीतरी ओरडलं. मग सगळेच ओरडले. गोपिकाही ओरडली, तीही रडत रडत.

"कोणाला विचारून ठेवलंस?" मॅडम चिडून म्हणाल्या. "जीव असतो तो, आयुष, खेळणं नाही."

मॅडमनी कागद मागवला, भाषण नव्याने लिहिलं आणि गोपिकेच्या हातात दिलं. शुक्रवारी आता ती बोलणार होती.

त्या संध्याकाळी मी गोपिकेच्या घरी ओट्यावर होते. हर्षाताई बाहेर वाळलेले कपडे काढत होत्या. फोन वाजला. आबांचा, म्हणजे चंद्रभान आजोबांचा.

"गोपे, तुही काकू सांगत व्हती, तू पानं नेली म्हणे थैलीभर. काहून वं?"

"शाळेत अळ्या हायेत ना आबा. त्यांच्यासाठी."

"अवं बाई, त्या झाडाईले मी शुक्रवारीच फवारा मारला. अळीचाच फवारा व्हता तो. टाकले त नाही ना तू ते पानं?"

गोपिकेने माझ्याकडे पाहिलं. काचेतून तिचा चेहरा मला मोठा दिसत होता.

"नाही, आबा."

"बरं झालं. फेकून दे. आन् हात धू साबणानं."

तिने हात धुतले. पुसले, परत धुतले. मग कोषाची काडी अलगद बाहेर काढून वाटीत ठेवली आणि मला घासायला घेतलं. हर्षाताईंनीही मला कधी इतकं घासलं नव्हतं. भोक नसलेली पानं तिने निवडली होती आणि भोक नव्हतं याचं कारण आता तिला कळलं होतं. जिथे अळी जगतच नव्हती, तिथे पान कुरतडणार कोण? आणि मी? मुंगीसुद्धा आत न येऊ देणारी मी, पानं आत येताना नुसती बघत राहिले. मायेने भरलेल्या हाताला बरणी अडवू शकत नाही. तरीही मला फार वाईट वाटलं, आणि अजून वाटतं.

पुढचे दिवस वाईट गेले. वर्गात पोरांनी आयुषचं नाव उन्हाळा ठेवलं. "सरका गा, उन्हाळा आला!" तो शेवटच्या बाकावर जाऊन बसायला लागला. डबासुद्धा तो तिथेच एकटा खायचा. गोपिका हे सगळं बघायची आणि मान खाली घालायची. संध्याकाळी ती माझ्यासमोर उभी राहून भाषण पाठ करायची. सुरुवात झकास जमायची. पण "उन्हामुळे काही अळ्या दगावल्या" या वाक्याशी आली की जीभ अडखळायची. मग ती पहिल्यापासून सुरू करायची आणि पुन्हा तिथेच अडखळायची. जेवण निम्मं ताटात टाकायची. हर्षाताई विचारायच्या, "काय झालं वं? पोटात दुखून राहिलं काय?" ती हो म्हणायची. दुखत होतंच, पण ओव्याने थांबणारं ते दुखणं नव्हतं.

शुक्रवार उजाडला. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. चौथीचा कागदी वाघ दिमाखात उभा होता. आणि पहिल्या रांगेत कोण? आबा! पांढरं स्वच्छ धोतर, टोपी, मांडीवर मुलांसाठी आणलेली संत्र्यांची थैली. नात माईकवर बोलणार म्हणून ते पहाटेच्या गाडीने निघाले होते. गोपिकेला ते दिसले आणि मला धरलेले तिचे हात घामाने ओले झाले. मी निसटते की काय असं मला वाटलं. खरं बोलायचं ठरवलं, तर ते आबांसमोर सांगावं लागणार होतं, की फवारा त्यांचा होता, आणि फोनवर ती खोटं बोलली होती. आणि नाही सांगायचं तर आयुष तिथे शेवटी बसलेलाच होता.

ती बोलायला लागली. अळीची शिंगं सांगितली, लोक हसले. कोष दाखवला, टाळ्या पडल्या. मग ते वाक्य आलं.

"उन्हामुळे..." ती थांबली. मॅडमनी खालून हळूच पुढचे शब्द सांगितले. तिने मान हलवली.

"उन्हानं नाही मेल्या. आयुषनं नाही मारल्या. पानं मी आणली होती. त्यावर औषध होतं. मले सोमवारीच समजलं होतं, पण मी सांगितलं नाही."

मग आबा उठले. थैली मांडीवरून घसरली आणि दोन-चार संत्री गडगडत गेली.

"फवारा माह्या हातचा हाये, मॅडम," ते म्हणाले. मग नातीकडे वळले. "गोपे, मले त खरं सांगायचं व्हतं वं. मी काय मारलं असतं तुले?"

तिथे मात्र ती रडली. चारुलता मॅडम शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेल्या, आयुषपुढे गुडघ्यांवर बसल्या आणि काहीतरी बोलल्या. काय ते मला ऐकू आलं नाही. त्यांचे कान मात्र लाल झालेले मी लांबून पाहिले.

कार्यक्रम संपल्यावर आयुष आला आणि त्याने मला तिच्या हातातून घेतलं.

"मी घरी नेतो हे."

"ने."

दोन पायऱ्या उतरून तो मागे वळला. "मंग सोमवारीच काहून नाही सांगितलं?"

गोपिका आबांची गडगडलेली संत्री वेचायला गेली.

रविवारी सकाळी आयुषच्या खिडकीत कोष हलला, चिरला, आणि आतून ओलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर आलं. काडीला लटकून ते वाळत राहिलं, आणि बघता बघता काळ्या-पिवळ्या नक्षीचे पंख उलगडले. आयुषने धावत जाऊन आईचा फोन उचलला. थोडा वेळ हातात धरला. मग परत ठेवून दिला. मलमल सोडून त्याने मला लिंबाच्या झाडाखाली नेलं. फुलपाखरू माझ्या काठावर जरा बसलं आणि उडून गेलं. सोमवारी त्याने गोपिकेला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मले काहून नाही बोलावलं?"

मित्रांनो, आता मी तिसरीच्या वर्गातच असते. पुन्हा अळ्या आल्या आहेत. आबांनी बांधाजवळचं एक झाड तसंच सोडलंय, फवाऱ्याविना, आणि ओळखू यावं म्हणून फांदीला जुन्या धोतराची चिंधी बांधलीय. त्याची पानं बघवत नाहीत, नुसती चाळण झालीय. गोपिका हल्ली तीच तोडून आणते, भोकं बघून बघून. तुम्हालाही असं पान दिसलं तर नाक मुरडू नका, तिथे कोणीतरी जेवून सुखरूप गेलेलं असतं. आणि मुक्या जिवाच्या तोंडाशी काही नेण्याआधी ते कुठून आलं, एवढं विचारत जा. त्याला स्वतःला विचारता येत नाही, आणि मलाही.

आयुष मात्र विचारतो. ती दोघं आता एका बाकावर बसतात, डबाही वाटून खातात. पण पान माझ्यात टाकण्याआधी तो ते उलटसुलट करून बघतो, आणि रोज तिला तोच प्रश्न करतो.

"फवारलेलं त नाही ना?"

"नाही," गोपिका म्हणते.

हा "नाही" खरा असतो, मला दिसतं. तरी तो उच्चारताना तिची नजर खाली जाते, आणि आयुष पान हातात धरून क्षणभर थांबतो.

फोनवरचा तो पहिला "नाही" ऐकला तेव्हा ओट्यावर मी एकटीच होते.