ग्लास रिकामा होईपर्यंत

टपालबाईंनी सत्त्याण्णव पत्रं डावीकडे सरकवली, तीन उजवीकडे ओढली, आणि त्या तिन्हींकडे पाहून त्यांना बरं वाटलं. पहिल्यात एका निवृत्त शिक्षकानं लिहिलं होतं की मालिकेतला कारभारी फार रटाळ आहे. दुसऱ्यात कुणा बाईनं विचारलं होतं, हा म्हातारा अजून मरत कसा नाही. तिसरं नुसतं एका ओळीचं होतं: कारभारी आला की आम्ही उठून भांडी घासून घेतो.

डावीकडच्या ढिगात मात्र लोक त्याच कारभाऱ्यावर जीव टाकत होते. एका आजीबाईंनी त्याच्यासाठी लोकरीचे हातमोजे विणून पाठवले होते, थंडीत हिशेब लिहिताना बोटं गारठत असतील म्हणून. टपालबाईंनी हातमोजे खणात कोंबले आणि खण गुडघ्यानं बंद केला.

त्यांना टपालबाई म्हणत, कारण दीडशे वर्षांपूर्वीच्या एका जहाजमालकाच्या घराण्यावरच्या त्या मालिकेला जे काही टपाल येई ते सगळं त्यांच्या टेबलावर येई. आता निम्म्याहून जास्त लोक मोबाइलवरच बोंब मारत, त्याचेही छापील कागद त्यांच्याकडेच. मुख्य लेखक स्वतः एकही पत्र वाचत नसत. सात वर्षांपूर्वी कुणीतरी त्यांच्या आजारी बायकोवरून घाणेरडं लिहिलं होतं, तेव्हा त्यांनी कानाला खडा लावला होता. त्याऐवजी दर सोमवारी टपालबाईंनी एक कागद द्यायचा, त्यावर तीन पत्रं जशीच्या तशी उतरवायची. शंभर पत्रांचा सूर तीन पत्रांत. सूर कुठला, ते बाईंनी ठरवायचं. इतका विश्वास.

आणि गेले दहा आठवडे टपालबाई त्या विश्वासाचा गळा दाबत होत्या. खोटं एक अक्षर लिहिलं नव्हतं हं. मुळाबरहुकूम, काना-मात्रेसकट उतरवत होत्या. फक्त वेचत होत्या.

का, तर थोरलीसाठी.

थोरली म्हणजे मालिकेतली थोरली सून, आणि थोरली म्हणजे टपालबाईंची मावशी. दोन वर्षांपूर्वी चहा पिताना त्यांनीच लेखकांना मावशीबद्दल सांगितलं होतं. तरुणपणी नवरा गेला, तेव्हा आजारी बहिणीला मदत म्हणून महिनाभरासाठी आली आणि बावीस वर्षं राहिली. बहीण गेली, तिची चार मुलं हिनंच वाढवली. चौघांतल्या धाकट्या टपालबाई. रोज संध्याकाळी प्रत्येकाला दूध द्यायची. ग्लासाचं बूड फडक्यावर तीनदा फिरवून पुसायची, ग्लास हातात द्यायची आणि तो रिकामा होईपर्यंत शेजारी उभी राहायची. एकदा एका मास्तरांनी तिला मागणी घातली होती. बाबांनी परस्पर नाही म्हणून सांगून टाकलं, मुलं लहान आहेत म्हणून. ती गोष्ट बाबा पाहुण्यांना हसत हसत सांगायचे: मास्तर कसे नवा कोट घालून आले आणि कसे पायरीवरूनच परत गेले. टपालबाईंनीही ती तशीच हसत सांगितली होती. लेखक मात्र हसले नव्हते.

त्यातून थोरली झाली. फडकं, तीन फेरे, शेजारी उभं राहणं, सगळं आलं. लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. वाण्यापासून दवाखान्यातल्या परिचारिकेपर्यंत सगळे मावशीला थोरलीबाई म्हणायला लागले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मावशी आरशापुढे दोन मिनिटं जास्त थांबायला लागली.

मग एके दिवशी थोरलीनं धाकट्या दिराच्या दुधात विष कालवलं. ग्लासाचं बूड तीनदा पुसलं, ग्लास त्याच्या हातात दिला आणि रिकामा होईपर्यंत शेजारी उभी राहिली. दीर मेला. थोरलीनं ग्लास विसळून ठेवला.

टपालबाई त्या वेळी मावशीकडेच होत्या. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मावशी पडद्याकडे बघत राहिली, हात मांडीवर, आणि जाहिराती सुरू झाल्यावर उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी वाण्यानं, आता तुमच्याकडे चहा प्यायची सोय राहिली नाही थोरलीबाई, म्हणून दात काढले. चांगल्या बाईच्या आयुष्याचा असा चिखल केला, आणि तोही आपल्याच तोंडून ऐकून. टपालबाईंना तीन दिवस अन्न गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी त्यांना कारभारी आठवला.

कारभारी म्हणजे लेखकांचे वडील, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. वडील बंदरावर कारकून होते, जन्मभर दुसऱ्याची पै न् पै सांभाळून गेले. त्यांचा जुना चष्मा, एका काडीला दोरा बांधलेला, लेखकांनी स्वतः आणून नटाच्या डोळ्यांवर चढवला होता. चित्रीकरण संपलं की तो पुसून रुमालात गुंडाळून घरी नेत.

तुम्ही माझ्या माणसाला विष कालवायला लावलंत ना, टपालबाई मनात म्हणाल्या. थांबा.

त्या दिवसांत आलेलं एक पत्र त्यांना आणखीच झोंबलं होतं. गोल, टापटीप अक्षर, नाव नाही. 'थोरलीनं दूध दिलं आणि ग्लास रिकामा होईपर्यंत ती उभी राहिली, त्या दिवशी मला कित्येक वर्षांनी शांत झोप लागली. लिहिणाऱ्याला सांगा, कुणाच्या तरी लक्षात आलं एकदाचं.' काय एकेक माणसं असतात, म्हणून टपालबाईंनी ते खणात टाकलं. डोकं फिरलेल्यांसाठी त्यांनी एक वेगळं पाकीट केलं होतं, त्यात.

भांडी घासणाऱ्या पत्राचा कागद त्या सोमवारी लेखकांनी दोनदा वाचला.

"बाई, लोकांना खरंच तो नको झालाय?"

"कागदावर आहे ते आहे, सर."

"दहा आठवडे झाले."

"हो ना," टपालबाई म्हणाल्या. "मलाही वाईट वाटतं."

लेखकांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, वाहिनीवालेही मागे लागले आहेत, काहीतरी धक्का द्या म्हणून. कारभाऱ्याला चोर केला तर लोक पुन्हा बघतील का? विचारताना त्यांचा आवाज इतका बारीक होता की टपालबाईंना तो पुन्हा एकदा ऐकावासा वाटला. त्या म्हणाल्या, बघतील.

पाच आठवड्यांनी तो भाग लागला. टपालबाई साडेसहालाच मावशीच्या दोन खोल्यांत हजर झाल्या. येताना फुलंही घेतली. मावशीनं फुलं पाण्यात ठेवली, खुर्च्या पडद्यासमोर ओढल्या आणि विचारलं, आज काय विशेष. बघ तर खरं, टपालबाई म्हणाल्या.

सात वाजता कारभारी पकडला गेला. मालकांच्या तिजोरीची दुसरी किल्ली त्याच्या गादीखाली सापडली. नोकरांनी त्याला अंगणात ओढलं, धक्काबुक्कीत चष्मा पडला आणि कुणाचा तरी बूट त्यावर पडला. काच फुटल्याचा आवाज लांबवर ऐकू यावा इतका मोठा लावला होता. चष्मा खरा होता की नकली, हे टपालबाईंना माहीत नव्हतं. खरा असावा असं त्यांना मनापासून वाटलं.

मावशीनं भाग संपायच्या आत टीव्ही बंद केला.

"ह्या म्हाताऱ्याला कशाला चोर केलं?" ती म्हणाली. "थोरलीच्या मनातलं ओळखून गप्प बसणारा तेवढा एकच होता त्या घरात."

"मी केलं," टपालबाई म्हणाल्या. आणि मग त्यांना राहवेना. पत्रं, ढीग, सोमवारचा कागद, चष्मा, सगळं भडाभडा सांगून टाकलं. सांगताना त्या खुर्चीच्या टोकावर आल्या होत्या. त्यानं तुझी अब्रू घालवली, मी त्याच्या बापाची घालवली. फिटंफाट झाली.

मावशी ऐकत होती. हात मांडीवर होते, त्या दिवसासारखेच.

"माझी अब्रू," ती म्हणाली.

"मग? विष घालणारी बाई केली त्यानं तुला. तू त्या दिवशी उठून आत गेलीस, ते मी पाहिलं नाही का?"

"हसू आवरेना म्हणून गेले होते."

टपालबाईंना नीट ऐकू आलं होतं, तरी त्यांनी पुन्हा विचारलं.

"बावीस वर्षं त्या घरात दूध मीच तापवत होते," मावशी म्हणाली. "एकदाही माझ्या मनात आलं नसेल, असं वाटतं तुला? त्यानं दीर दाखवला. मला दीर नव्हता. तुझा बाप होता. मास्तरांना पायरीवरून परत पाठवलं त्या संध्याकाळी मी पातेल्यापुढे किती वेळ उभी होते, कुणी मोजलंय? दूध उतू गेलं. तर तो ओरडला, लक्ष कुठंय म्हणून."

तिचा आवाज चढला नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं ती सांगत होती.

"मावशी, पण आम्ही होतो ना तुला. मी होते."

"होतीस की. तुम्ही होतात म्हणूनच तर त्यानं नाही म्हटलं." मावशीनं फुलदाणी जरा भिंतीकडे सरकवली. "तुमचंही दूध मीच देत होते."

रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"त्या लेखकाला कुठून कळलं, ह्याचंच मला नवल वाटत होतं," मावशी म्हणाली. "तुम्हा चौघांना नाही कळलं कधी. वरच्या मजल्यावरच्या नर्सकडून त्याला पत्रही लिहून घेतलं मी. नाव नाही घातलं. माझा हात थरथरतो, पण तिचं अक्षर गोल आहे. पोचलं का त्याला?"

टपालबाईंच्या डोळ्यांपुढे खण आला, त्यातलं पाकीट आलं.

"मी हे सगळं तुझ्यासाठी केलं," त्या म्हणाल्या.

"मला विचारलंस?"

टपालबाई खुर्चीच्या टोकावरून मागे सरकल्या.

"तोही असंच म्हणायचा. तिच्या भल्यासाठीच नाही म्हटलं, म्हणायचा. मला न विचारता." मावशी गुडघ्यांवर हात टेकून उठली. उठताना तिनं भाचीच्या केसांवरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसाच. "अगदी बापावर गेलीस हो."

ती आत गेली. भांडं ठेवल्याचा आवाज झाला, मग गॅस पेटल्याचा. टपालबाई फुलांकडे बघत बसल्या. निघावं असं त्यांना वाटलं, पण चपला दाराशी होत्या आणि दार स्वयंपाकघराच्या पलीकडे. आत बराच वेळ काहीच आवाज नव्हता. या वेळी दूध उतू गेलं नाही.

मावशी बाहेर आली. तिनं ग्लासाचं बूड फडक्यावर तीनदा फिरवलं आणि ग्लास भाचीच्या हातात दिला.

"घे. गार होतंय."

मग ती शेजारी उभी राहिली. टपालबाईंनी ग्लास दोन्ही हातांनी धरला, तोंडाजवळ नेला, त्यावरची साय पाहिली. पहिला घोट घ्यायला त्यांना जन्मात कधी लागला नव्हता इतका वेळ लागला. मावशीला काही घाई नव्हती.