वाळूतली बाय

हिरामणकाकांनी बाटली दोन फडक्यांत गुंडाळून वर रबर लावला होता, लेकीच्या सासरी लोणचं धाडावं तसा. "सांडला नाय पायजे," एवढंच ते बोलले. डोळे रडून लाल झाले होते. उत्कर्षानं बाटली पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "काका, तुम्ही अगदी बरोबर केलंत." हे वाक्य तिनं किती सहज म्हटलं! पुढचे चार दिवस ते तिला छळणार होतं, पण तेव्हा तिला कुठं ठाऊक होतं.

बाटलीत होता एक कोळी. मादी. काका तिला 'बाय' म्हणायचे.

ती आणली होती सुचितानं. सुचिता म्हणजे काकांची एकुलती लेक आणि खारघरच्या कॉलेजातली उत्कर्षाची जोडीदार. दोघी एकाच सरांकडे पीएच.डी.ला. वाळवंटातल्या, बिळात राहणाऱ्या कोळ्यांचं खूळ सुचिताचं. वाळूत वीतभर खोल बीळ, तोंडाला रेशमाचं नि वाळूचं झाकण, आणि मादी जन्मभर त्या बिळातच. कच्छपासून जैसलमेरपर्यंतचे हे सगळे कोळी शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी एकाच प्रजातीत कोंबून ठेवले होते. सुचिता म्हणायची, जैसलमेरचे त्यातले नव्हेतच. नुसती जात वेगळी नाही, अख्खी प्रजातीच वेगळी.

वरून बघाल तर डोंबल काही कळणार नाही, दोन्ही सारखेच दिसतात. फरक असतो तो वयात आलेल्या मादीच्या पोटात, बीज साठवायच्या दोन बारीक पिशव्यांमध्ये. साध्या गोल असल्या तर जुनी प्रजाती, फाटे फुटलेल्या असल्या तर नवी. आणि जैसलमेरची वयात आलेली मादी आजवर कुणाच्या हाती लागलेली नव्हती. म्हणून सुचितानं तिथून तीन पिल्लं आणली. दोन मेली. एक वाढत होतं, तेवढ्यात सुचितालाच डेंग्यू झाला आणि नवव्या दिवशी ती हॉस्पिटलातच वारली. अठ्ठावीस वर्षांची होती.

पिल्लू लॅबमध्ये न्यायला उत्कर्षा द्रोणागिरीला सुचिताच्या घरी आली, तेव्हा काका काचेच्या टाकीसमोर हात आडवे धरून उभे राहिले. "मना सांगून गेलीय ती, बाबा हिला बघा. मी बघीन."

आणि बघितलं हो त्यांनी. एकोणीस महिने बघितलं. सरकारनं जमिनी घेतल्या त्याच्या मोबदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर उठलेल्या त्या चकचकीत फ्लॅटमध्ये दर तिसऱ्या दिवशी हा धिप्पाड माणूस ओट्याखाली वाकून वाटीखाली जिवंत झुरळ धरायचा. वाळूच्या एका कोपऱ्यात चमचाभर पाणी घालायचा. सुचिताची आई, पुतळाकाकू, आधी नाक मुरडायच्या, मग त्याच झुरळ दिसलं की हाक मारायला लागल्या. काकांचा फोन यायचा, "आज जेवली नाय गो बाय. काय झाला असंल?" उत्कर्षा हसायची, मग फोन ठेवून रडायची. एक रविवार सोडून ती जाऊन बघून यायची.

टाकीवरची चिठ्ठी उत्कर्षाच्याच अक्षरातली होती. पाणी किती, झुरळ केव्हा, आणि खाली लाल पेनानं, 'मेली तर लगेच स्पिरिटमध्ये. तासाभराच्या वर ठेवू नका.' उकाड्यात नाजूक भाग सडतात आणि सगळं काम वाया जातं, म्हणून. काकांनी ती अक्षर न् अक्षर पाळली. बुधवारी सकाळी काचेवरचा काळा कागद उचलून पाहिलं तर बिळात बाय उताणी पडलेली, पाय आखडलेले. काच वाजवली, हलली नाही. त्यांनी घड्याळ लावून तासभर वाट पाहिली आणि चमच्यानं अलगद तिला उचलली.

गुरुवारी उत्कर्षानं ती मायक्रोस्कोपखाली ठेवली.

पाठीची ढाल पुढून उचकटलेली होती, डब्याचं झाकण उघडावं तशी. आत नवी ढाल, फिकट. नव्या सुळ्यांचा रंग दुधासारखा. एका बाजूचे दोन पाय जुन्या कातडीतून निम्मे बाहेर आलेले. बाय मेलेली नव्हतीच. बाय कात टाकत होती. हे कोळी कात टाकताना पाठीवर उताणे पडतात, तासन्‌तास, अगदी मेल्यासारखे. पहिलं वर्ष शिकणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. चिठ्ठीत मात्र ते नव्हतं. सुचितानं सांगितलं असेल, असं उत्कर्षानं धरून चाललं होतं. मधे एकदा बायनं कात टाकली होती, पण बिळाच्या तळाशी, वाळूआड. काकांना दिसलीच नव्हती. "बाय मोठी झाली की काका!" एवढंच म्हणून उत्कर्षा मोकळी झाली होती.

तिनं हात धुतले, पुन्हा बसली आणि पोट उघडलं. नव्या कातडीत पिशव्या पूर्ण तयार होत्या. फाटे फुटलेल्या, आल्याच्या गड्ड्यासारख्या. सुचिता खरी होती. नवी प्रजाती! उत्कर्षाला अर्धं मिनिट इतका आनंद झाला की तिनं टेबलावर हात आपटला. मग तो आनंद कुठं ठेवायचा ते तिला कळेना.

श्यामसुंदर सरांनी बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "पेपर सुचिताच्या नावानं जाईल. पण कात टाकत असताना जिवंतपणी स्पिरिटमध्ये घातली, हे वर्णनात लिहावं लागेल. मऊ कातडी दिसतेच आहे, लपवता यायचं नाही."

"तिचे वडील वाचतील ना सर."

"त्यांना इंग्रजी येतं?"

"पुतण्या आहे, विपुल. त्याच्याकडून ओळ न् ओळ वाचून घेणार आहेत. गावाला बोलावणार आहेत त्या दिवशी."

सरांनी मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला. विपुलच्या तोंडून, चारचौघांत कळण्यापेक्षा आपण सांगावं, असं उत्कर्षानं ठरवलं. चूक आपली होती, ती आपल्या तोंडानं कबूल करावी. तिला वाटलं, हा प्रामाणिकपणा आहे. होताही. पण प्रामाणिकपणाचा घाव कुणाच्या अंगावर बसतो, हे काही तिनं मोजलं नव्हतं.

रविवारी दुपारी ती गेली. टाकी रिकामी, धुऊन पुसून तिथंच ठेवलेली. पुतळाकाकू आत मासळी तळत होत्या. उत्कर्षानं आधी चांगली बातमी सांगितली. काकांनी दोन्ही हात कपाळाला लावले. "बोललेली व्हती ती! वेगली हाय, बाबा, वेगली हाय!"

मग तिनं दुसरं सांगितलं. एका दमात, खाली बघून. "माझी चूक आहे काका. मी लिहायला हवं होतं. तुम्ही चिठ्ठीप्रमाणे केलंत."

काका हळूच म्हणाले, "म्हंजे चिंबोरी टाकते तशी कात?"

"हो. खेकडा टाकतो तशीच."

"आनि मी खाडीवरचा मानूस. जन्मभर चिंबोऱ्या धरल्या. नरम चिंबोरी हातात आली तर सोडून द्यायचो परत." ते आपल्या पंज्याकडे बघत राहिले. "बाटलीत टाकली तवा एक पाय हलला व्हता. मना वाटला, पान्यानी हलला."

"काका, तुम्हाला कसं कळणार होतं?"

"सुचिताचा पन बोट हलला व्हता."

उत्कर्षानं मान वर केली.

"मशीन काढायची सही मी केली, त्याच्या आदल्या दिवशी. मी डाक्तरला सांगला. तो इंग्लिशमधी काय तरी बोलला. तू बाजूला व्हतीस. तूच मना समजवलास, काका, तो नुसता झटका असतो, ती गेलीय. मग मी सही केली."

"ते वेगळं होतं काका."

"कशावरून?"

उत्कर्षानं सांगितलं. दोन डॉक्टरांनी वेगवेगळं तपासलं होतं. मेंदूत रक्तच जात नव्हतं. श्वास मशीनचा होता. सहा तासांनी पुन्हा तपासलं होतं. बोट हललं ते पाठीच्या कण्यातून, मेंदूतून नाही. सगळं खरं होतं, तसूभरही खोटं नव्हतं. एकसारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्या कशा हे सिद्ध करण्यात तिची सहा वर्षं गेली होती. पण समोरच्या माणसाला ती काही दाखवू शकत नव्हती. तिच्याकडे फक्त शब्द होते, आणि तिच्या शब्दाचं काय झालं ते आत्ताच तिनं त्यांना सांगितलं होतं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. समजूतदार माणूस. मानही डोलावली. "हां. तसाच असंल," ते म्हणाले, आणि त्यांचा विश्वास बसलेला नाही हे तिला लख्ख दिसलं. आता तो कधीच बसणार नव्हता. तिला ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं, पण त्यांच्या देखत रडायचा तिला काय हक्क होता?

आत तेलाचा आवाज थांबला. काका घाईघाईनं पुढं वाकले आणि त्यांनी तिचं मनगट धरलं. इतका मोठा पंजा, पण गार पडलेला.

"हिला यातला काय सांगू नको. कात बित काय बोलू नको. विपुललापन सांग, ती लाइन वाचू नको."

"नाही सांगत."

"ही तवा बोलत व्हती, दोन दिस थांबा. सही नका करू, बोलत व्हती. मी आयकला नाय."

पुतळाकाकू ताट घेऊन बाहेर आल्या. हात पुसत त्यांनी विचारलं, "काय झाला गो? आमच्या सुचिताचा बरोबर निघाला ना?"

"हो काकू," उत्कर्षा म्हणाली. "अगदी बरोबर निघालं."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि कित्येक महिन्यांनी हसल्या. काकाही हसले. मग त्यांनी ताट जवळ ओढलं आणि मान खाली घालून जेवायला लागले.