मागच्या डाव्या दाराची काच

ताईने गाडीवरचं कापड ओढून काढलं आणि धुळीने शिंकत म्हणाली, "दुनियेच्या गाड्यांच्या काचा वर-खाली करतोस, आणि घरच्या गाडीची एक काच तीन वर्षं मौन धरून बसलीय. लेकीला द्यायचीय मला गाडी. एवढी करून दे."

"बघतो," म्हणालो. त्या दाराला तीन वर्षांत मी हात लावला नव्हता.

अण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची, बसायची जागा ती. गाडी सुरू झाली की कीर्तनाच्या टेपसाठी "लाव रे बुवांना" म्हणायचे, आणि बुवा पूर्वरंग आटपून कथेला लागले की पुढच्या सीटच्या पाठीवर बोटांनी ताल धरायचे. दवाखान्यातून त्यांना शेवटचं घरी आणलं ते याच गाडीतून. भर दुपार. धाकटा भाऊ त्यांना धरून मागे बसला होता, मी चालवत होतो. अण्णा म्हणाले, "जरा काच खाली घे. वारा लागू दे तोंडाला." मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. काच ढिम्म.

दोन महिन्यांपूर्वीच धाकट्याने त्या दारातली काचेची मोटर बदलून तारा जोडल्या होत्या. माझ्याच हाताखाली शिकलेला, गाड्यांच्या वायरिंगच्या माझ्याच दुकानात काम करणारा. उन्हाने, काळजीने माझं डोकं फिरलं. "हा तुझा जोड!" मी ओरडलो. "बापाच्या गाडीतसुद्धा पाट्या टाकल्यास!"

अण्णा म्हणाले, "असू दे रे."

आठ दिवसांनी ते गेले. महिन्याभरात धाकट्याने आपली अवजारं उचलली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचं दुकान टाकलं. मी थांब म्हणालो नाही.

आता त्याच दारापाशी बसलो. फ्यूज शाबूत. बाकीच्या तिन्ही काचा सुरळीत. बटणापर्यंत करंट येत होता. दाराचं आतलं आवरण काढलं, आणि पहिला हात अर्थातच धाकट्याच्या जोडावर गेला. खरं सांगतो, मनात म्हणालो, देवा, हा जोड तेवढा सुटलेला निघू दे. देवाकडे इतकं वाईट मागणं मी कधी मागितलं नव्हतं. तार ओढून पाहिली. जोडाला सोल्डरिंगचा नीट डाग दिलेला, वर नळी चढवलेली, तारेला बोटभर ढील ठेवलेली. मी शिकवलं त्याहून चांगलं काम.

मग मोटरच्या तोंडाशी तपासायचा दिवा लावून बटण दाबलं. दिवा पेटला. दार ओढून घेऊन दाबलं. विझला. दार उघडलं, पुन्हा पेटला. म्हणजे दाराबरोबर तारा वाकतात तिथेच गोम होती. दार आणि सांगाडा यांच्यामध्ये रबराची नळी असते, सगळ्या तारा तिच्यातून जातात. ती मागे सारली. आत तारा बांधायची काळी प्लास्टिकची टाय, करकचून आवळलेली, कापलेलं शेपूट लायटरने डागून गोल केलेलं.

शेपूट डागायची खोड माझी. धाकटा त्यावरून मला हसायचा.

मोटर बदलल्यावर पंधरा दिवसांनी मीच अण्णांसाठी त्या दारात स्पीकर बसवला होता, बुवांचा आवाज मागे नीट यावा म्हणून. त्याची तार याच नळीतून नेली आणि खडखडू नये म्हणून मोटरच्या तारेसकट आवळली. दार उघडता-मिटता मोटरची तार त्या टायपाशी आतल्या आत तुटली होती. वरून मात्र धडधाकट.

तेवढा तुकडा टायसकट कापून खिशात घातला आणि धाकट्याच्या दुकानी गेलो. तो एका गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता.

"दादा?" म्हणाला, आणि फडक्याला हात पुसत राहिला.

मी तुकडा पुढे केला. त्याने तो उजेडात धरला, वाकवला, शेपटावर अंगठा फिरवला.

"टाय माझी आहे," मी म्हणालो.

"ते दिसतंय."

"तुझा जोड अजून जसाच्या तसा आहे. मी उगाच बोललो रे तुला."

"मी सांगितलं होतं तुला. त्याच दिवशी, अण्णांना आत झोपवल्यावर. म्हणालो, दादा, रबराची नळी बघ. तू म्हणालास, मला शिकवू नकोस."

मला ते आठवतही नव्हतं. त्याने म्हटलं आणि माझाच आवाज कानात आला.

"अर्ध्या तासाचं काम होतं," तो म्हणाला. "अण्णा आठ दिवस होते. एखाद्या संध्याकाळी फिरवून आणलं असतं त्यांना."

मी म्हणालो, "तुझं टेबल तसंच आहे दुकानात. परत ये."

"आता इथे बस्तान बसलंय, दादा." आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. तो आत जाऊन तारेचं वेटोळं घेऊन आला. "ही घे, त्याच रंगाची. तुझ्याकडे नसेल."

"टाय सैल बांधतो या वेळी."

"बांधूच नकोस," तो म्हणाला, आणि जरासा हसला.

घरी येऊन जोड दिला, ढील ठेवली. दार लावून पुढे बसलो आणि बटण दाबलं. काच सरसरत खाली गेली. "पुरे का, अण्णा?" हे शब्द ओठांवर आले, आणि मी मागे वळूनही पाहिलं.

"झाली का रे?" ताईने आतून विचारलं.

"झाली," म्हणालो. काच वर घ्यायला मात्र बोट उचलेना. उघड्या खिडकीतून वारा येऊन रिकाम्या सीटवरची धूळ हलवत होता.