मिठाचा आळ

चार महिन्यांत सासरे तिसऱ्यांदा सुजले. पाय खांबासारखे, दोन पायऱ्या चढल्या की धाप. आयुष्यभर सुतारकी केलेला माणूस. आता हृदय दुबळं झालेलं. हृदयाच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांनी फाइल उघडली आणि सुनेवरच तोंड टाकलं.

"मीठ किती घालता? जीव घ्यायचाय का यांचा?"

"सांगून सांगून जीभ झिजली हो माझी," शेजारून सासूबाई म्हणाल्या. "हिचा हातच सैल."

सून औषधांची पिशवी सावरत उभी राहिली. चार महिने सगळं घर अळणी जेवत होतं, तीसुद्धा. पण आधी निकाल, मग चौकशी!

डॉक्टरांनी लघवीची गोळी आणखी वाढवली. ती घ्यायला सून औषधांच्या खिडकीपाशी गेली. आतल्या फार्मासिस्ट बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली.

"पुन्हा वाढवली? घरातली सगळी औषधं दाखवा बरं."

सुनेने पिशवी उलटी केली. बाई एकेक पट्टी बघता बघता थबकल्या. "ही कशाची?"

"गुडघ्यांची. इथल्याच हाडांच्या डॉक्टरांनी दिलीय. दिवसातून दोनदा, चार महिने. आणि डॉक्टर मलाच बोलतात, मीठ जास्त घालते म्हणून."

"अहो, ही अंगात पाणी धरून ठेवते! एक डॉक्टर पाणी काढतोय, दुसरा भरतोय!"

बाईंनी खिडकी लावली. रांग ओरडत राहिली, त्या तडक हृदयाच्या डॉक्टरांच्या खोलीत, पट्टी त्यांच्यापुढे ठेवली. मागोमाग सून.

"बाई, तुम्ही गोळ्या मोजा," डॉक्टर म्हणाले. "उपचार आमच्यावर सोडा."

"मोजल्या म्हणूनच आलेय. दोनशे चाळीस गोळ्या गेल्यात यांच्या पोटात! आणखी काय घेता, हे तुम्हा दोघा डॉक्टरांपैकी एकानेही विचारलं नाही. शिव्या मात्र या पोरीला!"

डॉक्टरांनी पट्टी हातात घेतली. चेहरा उतरला, पण 'चुकलं' काही तोंडातून फुटलं नाही. त्यांनी ती गोळी बंद केली, वाढवलेला डोस मागे घेतला आणि रक्ततपासणी लिहून दिली. गुडघ्यांसाठी वेगळी गोळी ठरली. रोज सकाळी वजन करून लिहायचं, हे बाईंनी सुनेला समजावलं आणि दर दोन दिवसांनी स्वतः फोन करून आकडा विचारला.

बारा दिवसांत पाच किलो उतरलं. सासरे न थांबता जिना चढले.

"चला, झालं गेलं विसरा," सासूबाई म्हणाल्या.

सुनेचा बांध फुटला. "झालं नाही, केलंत! डॉक्टरांना काय ठाऊक, ते आमच्या घरी जेवत नाहीत. तुम्ही रोज माझ्या हातचं अळणी गिळत होतात, आणि चारचौघांत मला खुनी ठरवत होतात."

सासूबाई पदराशी चाळा करत राहिल्या. सासऱ्यांनी मान खाली घातली. "मलाही कळत होतं गं. बोलायला हवं होतं मी."

"हवं होतं," ती म्हणाली. त्यांच्या गोळ्या काढून तिने त्यांच्या हातावर ठेवल्या, पाणी दिलं, आणि त्या दिवशी दोघांशीही एक शब्द बोलली नाही.