अनुसयाबाईंची बेटं

वादळ आलं बंगालच्या उपसागरात, आणि तोंड पडलं सिंदी रेल्वे गावातल्या अनुसयाबाईंचं. अंदमानचं विमान रद्द झालं होतं.

लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलगा निकेश आणि सून हर्षा यांनी आईबाबांना घेऊन अंदमानला जायचं ठरवलं होतं. त्यात एक अख्खा दिवस नुसता बोटीचा होता. एका बेटावर उतरायचं, फिरायचं, परत बोटीत बसायचं की पुढचं बेट. अनुसयाबाईंनी त्या एका दिवसासाठी आयुष्यातला पहिला पंजाबी ड्रेस शिवून घेतला होता, पोपटी रंगाचा. नागपूरला सीताबर्डीवरून रुंद काठाची हॅट आणली होती आणि काळा गॉगलही. रोज दुपारी दार लावून त्या आरशासमोर हॅट घालून बघत. हे हर्षाला माहीत होतं.

"बरं झालं," सदाशिवराव म्हणाले. त्यांचं स्टेशन रोडवर हार्डवेअरचं दुकान. ते एक दिवस बंद ठेवणंही त्यांच्या जिवावर यायचं. "पाण्याचं काय पाहाचं? आपल्या विहिरीत बी पाणीच आहे."

अनुसयाबाईंनी हॅट कपाटावर ठेवली आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडायला बसल्या. निवडून झाला तरी निवडतच राहिल्या. हर्षाला ते बघवेना.

"आई, तुम्हाले बेटंच पाहाची आहेत ना?" ती म्हणाली. "माह्या माहेरी चला. आष्टीच्या पुढे धरणाच्या पाण्यात बेटंच बेटं आहेत."

"कायची बेटं?" निकेश हसला. "टेकड्या आहेत थ्या, बुडालेल्या."

"चारही बाजूनं पाणी असलं का बेट होते. शाळेत शिकवलं नाई का तुम्हाले?"

अनुसयाबाईंचा हात थांबला. "किती आहेत वं?"

"मोजले नाई कोणी. पण लय आहेत."

"मंग उद्याच जाऊ," असं म्हणून त्या उठल्या, स्टुलावर चढल्या आणि हॅट खाली काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धरणाच्या काठावर किसनराव डोंगा घेऊन उभा होता. तो हर्षाच्या वडिलांच्या ओळखीचा, याच पाण्यात मासेमारी करणारा. डोंग्याला मागे छोटं इंजिन होतं. पोपटी ड्रेस, हॅट, गॉगल आणि त्यावर अंदमानसाठीच घेतलेलं केशरी लाइफ जॅकेट घातलेल्या अनुसयाबाई गाडीतून उतरल्या, तेव्हा तो क्षणभर बघतच राहिला.

"कोणतं बेट पाहाचं, काकू?"

"सगळे," अनुसयाबाई म्हणाल्या.

दिवाळी नुकतीच झाली होती. धरण तुडुंब होतं आणि ऊन अजून कोवळं होतं. डोंगा निघाला तसा वारा आला, हॅट उडायला लागली. अनुसयाबाईंनी ती एका हातानं धरली आणि दुसरा हात पाण्यात सोडला. सदाशिवराव मधोमध, दोन्ही कडा घट्ट धरून बसले होते. डोंगा जरा कलला की ते डोळे मिटून घेत.

"अवो, पाहा ना! कसं चमकून राह्यलं!"

"पाहून राह्यलो," ते डोळे मिटूनच म्हणाले.

पहिल्या बेटावर उतरताच झाडाझुडपांतून बगळे उठले, पांढरेच पांढरे, एवढे की निकेशला मोबाइल काढायचंही सुचलं नाही. दुसरं बेट म्हणजे एक काळा खडक आणि त्यावर एक बाभूळ. चौघं उभे राहिले की बेट भरलं. "हे माह्यं," हर्षा म्हणाली. "कोणी येजो नका इथं, बिनाविचारता." तिसऱ्या बेटावर किसनरावानं सांगितलं की उन्हाळ्यात इथं लोक चालत येतात, शेळ्या चारायला. "म्हणजे आपण पहाडाच्या डोक्यावर उभे आहोत?" अनुसयाबाईंनी विचारलं आणि त्यांना एवढी गंमत वाटली की त्यांनी तिथल्या तिथे एक गिरकी घेतली. पोपटी ओढणी सदाशिवरावांच्या तोंडावर आली. ती बाजूला करताना ते हसले. फार नाही, पण हसले.

चौथं बेट मोठं होतं. सावली बघून तिथं जेवायचं ठरलं. किसनराव म्हणाला, "तुम्ही जेवा, मी टेकडीमागं माह्यं जाळं टाकलं आहे, थे पाहून येतो." त्यानं डोंग्याचा दोर एका दगडाला गुंडाळला आणि तो चढण चढून पलीकडे गेला.

सदाशिवरावांना ते गुंडाळणं पटलं नाही. चाळीस वर्षं दोर विकलेला माणूस. "असं बांधतेत का कोणी?" असं म्हणून त्यांनी दोर सोडला, काठावरच्या एका झुडपाला पक्की गाठ मारली आणि हात झटकत पुऱ्यांकडे आले.

पुऱ्या, बटाट्याची भाजी, सांभारवड्या, दिवाळीच्या उरलेल्या करंज्या. सकाळी येताना माहेरी पाच मिनिटं थांबले होते, तेवढ्यातही हर्षाच्या आईनं डब्यात भाताचा गोळा घातला होता. सगळे हावऱ्यासारखे जेवले. हर्षानं सहज पाण्याकडे पाहिलं आणि ओरडली, "बाबा! डोंगा!"

गाठ पक्कीच होती. झुडूप मुळासकट उपटून आलं होतं. डोंगा झुडपासकट पाण्यावर निघाला होता, अगदी निवांत.

निकेशनं मोबाइल पाहिला. रेंज नव्हती. "किसनराव!" त्यानं हाक मारली. टेकडीपलीकडून उत्तर आलं नाही. "मी जातो," तो म्हणाला आणि बूट काढायला खाली वाकला. पण त्याचं पोहणं नागपूरच्या स्विमिंग पूलमध्ये, तेही काठ धरून. बुटाची नाडीच त्याला सुटेना.

तेवढ्यात धप्प असा आवाज झाला.

अनुसयाबाई पाण्यात होत्या. हॅट काठावर, गॉगल हॅटमध्ये. केशरी जॅकेट त्यांच्या कानापर्यंत वर आलं होतं आणि त्या हात मारत सरळ डोंग्याच्या दिशेनं चालल्या होत्या. पाणी कापत म्हणावं तसं.

"अनसू!" सदाशिवराव ओरडले. चारचौघांत त्यांनी बायकोला कधी नावानं हाक मारली नव्हती. "निकेशची माय" सोडून दुसरं काही त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. "अनसू, वापस ये! बुडशीन!"

"नाई बुडत!" पाण्यातून आवाज आला. "जॅकेट आहे ना!"

"आईले पोहता येते?" हर्षानं विचारलं.

निकेशनं बापाकडे पाहिलं. बापाचं तोंड उघडंच होतं.

अनुसयाबाईंनी डोंगा गाठला, कड धरली आणि वर चढायला गेल्या. डोंगा कलला, त्या परत पाण्यात. पुन्हा पाय टाकला, पुन्हा पाण्यात. तिसऱ्या वेळी त्यांना हसू फुटलं. एकदा सुटलं ते थांबेना. डोंग्याला लोंबकळून त्या नुसत्या हसत होत्या आणि हसताना अंगातलं बळ जात होतं. ते हसू पाण्यावरून काठापर्यंत ऐकू येत होतं. आधी हर्षाला लागण झाली, मग निकेशला. निकेश एका पायात बूट घालून वाळूत बसला आणि पोट धरून हसायला लागला.

शेवटी अनुसयाबाईंनी चढण्याचा नाद सोडला. दोर जॅकेटच्या पट्ट्यात खोचला आणि झुडपासकट डोंगा ओढत परत फिरल्या. आता सदाशिवरावांना काठावर थांबवेना. ते पँटीसकट, चपलांसकट पाण्यात शिरले. गुडघ्याएवढं, कंबरेएवढं. हात लांब करून त्यांनी दोर पकडला, तोच पायाखालचा दगड निसटला आणि ते फतकल मारून बसले, गळ्यापर्यंत. बाहेर फक्त डोकं आणि वर केलेल्या हातात दोर.

"धरला!" ते ओरडले. आणि मग तेही हसायला लागले, मोठ्यानं, खोकला येईपर्यंत. निकेशनं आपल्या बापाला असं हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

जाळं खांद्यावर घेऊन किसनराव टेकडी उतरला तेव्हा शेठ आणि काकू पाण्यात बसलेले आणि पोरं वाळूत लोळत असलेली.

"काय झालं वो?" त्यानं घाबरून विचारलं.

सांगायला तोंड उघडलं की ज्याला त्याला पुन्हा हसूच फुटत होतं.

अंग पुसायला हर्षाची एक ओढणी होती, ती दोघांत फिरली. सदाशिवराव शर्ट पिळत बायकोजवळ येऊन बसले.

"पोहणं कुठं शिकली तू?"

"वडनेरले. लहानपणी नदीवरच राहत होतो आम्ही पोट्ट्या. माय काठी घेऊन येई घरी न्यायले."

"मले काऊन नाई सांगितलं कधी?"

"तुम्ही कधी विचारलं?"

सदाशिवरावांनी एक करंजी उचलली, निम्मी तोडून बायकोला दिली.

"आता धरणाच्या काठावर जाचं ना?" किसनरावानं विचारलं. "ओले झाले तुम्ही."

"ओले झालो तर आता काय भेव?" अनुसयाबाई म्हणाल्या. "थे दूरचं राह्यलं आहे."

"थे लय दूर आहे, काकू."

"मंग लवकर निघू," असं म्हणाले ते सदाशिवराव. आणि या वेळी डोंग्यात सगळ्यात पुढे जाऊन बसले, कडा न धरता.

दूरच्या बेटाचा काठ उतरता होता, पाणी बरंच आतपर्यंत उथळ. तळाची वाळू दिसत होती. दुपार कलली होती आणि वरचं पाणी कोमट झालं होतं. निकेश आणि हर्षा बेटाला फेरी मारायला गेले. किसनराव डोंग्यात आडवा झाला.

सदाशिवराव कंबरभर पाण्यात उभे होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "थे नुसतं तरंगणं... मले जमन का वं?"

अनुसयाबाईंनी त्यांच्या पाठीखाली हात धरला. "मान मागं टाका. पाय सोडा."

"सोडतो. तू हात काढू नको."

"नाई काढत."

त्यांनी पाय सोडले. पाय वर आले, पोट वर आलं, कानात पाणी गेलं. क्षणभर ते लाकडासारखे ताठ होते. मग हळूहळू सैल पडले.

"अनसू, वर नुसतं आभाळ दिसून राह्यलं."

"हो. बोलू नका, पाणी जाईन तोंडात."

त्यांनी तोंड मिटलं. अनुसयाबाईंनी हळूच हात काढून घेतला. सदाशिवराव तरंगत होते. दोन्ही हात पसरून, डोळे सताड उघडे ठेवून ते आभाळाकडे बघत होते, आणि मिटल्या ओठांतूनही त्यांचं हसू बाहेर येत होतं.